दगडाआधी उसासा

मराठी प्रवासवर्णनातील दिल्ली ही बहुधा पाहिलेली नसते. ती आधीच ठरलेली असते. कुतुबमिनाराच्या आवारात पाऊल टाकण्यापूर्वीच लेखकाच्या मनात एक उसासा सिद्ध असतो, आणि पुढील दोनतीन पृष्ठांत भग्न खांब, ओस पडलेले सज्जे, मावळतीचे ऊन व पोपटांचे थवे यांची योजना त्या उसाशाला जागा करून देण्यासाठीच झालेली असते. पुराना किल्ल्यात हा उसासा पांडवांसाठी असतो, मेहरौलीत पाडलेल्या देवळांसाठी, लाल किल्ल्यात भाऊसाहेबांसाठी. स्थळ बदलते, निःश्वास बदलत नाही. अखेर काळाचा महिमा अगाध असल्याचे सांगून लेख संपतो. आणि घरी बसून ठाऊक झाले नसते असे त्या नगरीविषयी, तिच्या एकाही शिळेविषयी, वाचकाच्या हाती काही लागत नाही.

हा केवळ शैलीचा दोष असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. वाईट प्रवासवर्णने मराठीत यापूर्वीही पुष्कळ झाली आणि यथाकाल विस्मृतीत गेली. परंतु ज्या भाषेच्या वाङ्मयेतिहासाचा पहिला धडाच शिळेवर गिरवलेला आहे, त्या भाषेच्या लेखकांनी दगडापुढे निरक्षर होऊन उभे राहावे, यात एक विलक्षण विसंगती आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली वाक्ये आणि अक्षीची शिळा यांच्या उल्लेखावाचून मराठीच्या प्राचीन वाङ्मयाचा अभ्यास सुरू होत नाही. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ मध्ये ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ दिला, तो पुरातत्त्व खात्याचे अधिकारी म्हणून नव्हे, तर मराठीचे प्राध्यापक आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक म्हणून. वा. वि. मिराशी कालिदास-भवभूतींवर ज्या अधिकाराने लिहीत, त्याच अधिकाराने वाकाटकांचे ताम्रपट वाचीत. ही परंपरा प्रवासवर्णनाच्या उंबरठ्याबाहेरच का थांबली? कोरीव लेख पंडितांचा आणि भावना लेखकाची, अशी एक सोयीची वाटणी मधल्या काळात होऊन गेली, हे त्याचे उत्तर आहे. या वाटणीत पंडितांचे फारसे बिघडले नाही. भावना मात्र अन्नावाचून वाळली.

फिरोजशहा कोटल्यावरील अशोकस्तंभाची कथा या संदर्भात बोलकी आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तोपरा गावाहून हा प्रचंड एकसंध स्तंभ मोठ्या प्रयासाने दिल्लीस आणविला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याची हकिगत लिहून ठेवली आहे. स्तंभावरील लेख वाचण्यासाठी ब्राह्मण पंडितांना पाचारण करण्यात आले. कोणालाच तो वाचता आला नाही. तरीही काहींनी असा अर्थ लावून दाखविला, की फिरोज नावाचा राजा होईपर्यंत हा स्तंभ कोणालाही हलविता येणार नाही, असे त्यावर लिहिले आहे! लिपी विस्मृत झालेली असताना धन्याच्या मनातले स्तंभावर वाचून दाखविणे हाच व्यवहार्य मार्ग होता, एवढे त्या पंडितांच्या बाजूने म्हणता येईल. पुढे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीचे कोडे उलगडले, आणि त्याने वाचलेल्या प्रमुख लेखांत हाच स्तंभलेख होता. तेव्हापासून ती सबब उरलेली नाही. मराठी प्रवासी मात्र अद्याप त्या पंडितांच्याच रांगेत उभा आहे. फरक इतकाच, की त्याचा धनी सुलतान नसून वाचक आहे. त्याच कोटल्याच्या कोनाड्यांतून दर गुरुवारी जिनांच्या नावे अर्ज ठेवणारे साधे दिल्लीकर त्याच्यापेक्षा बरे म्हणावयाचे. त्यांना त्या दगडांकडून निदान काही हवे असते, आणि ते काय हवे हे ते स्वच्छ लिहितात.

मेहरौलीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या पूर्वद्वारावरील फारसी लेख हा दिल्लीतील सर्वाधिक उल्लेखिला गेलेला आणि कदाचित सर्वांत कमी वाचला गेलेला मजकूर असावा. सत्तावीस देवळांची सामग्री या मशिदीसाठी उपयोगात आणली आणि त्यांतील प्रत्येक देवळावर वीस लक्ष देहलीवाल नाणी खर्च झाली होती, असे तो सांगतो. जेत्याची ही आत्मप्रौढी आहे व ती जशीच्या तशी वाचली पाहिजे. परंतु मराठीत येथे दोन प्रकारचे लेखक आढळतात. पहिला या लेखापाशी येऊन थांबतो आणि मग आवारातील दुसरे काहीही त्याला दिसत नाही. त्याला हवा असलेला पुरावा मिळालेला असतो. दुसरा अधिक सुसंस्कृत. तो या लेखापाशी थांबतच नाही. गंगाजमनी संस्कृतीविषयी दोन गोड वाक्ये लिहून तो ओवरीतून बाहेर पडतो, आणि ज्या खांबांना टेकून त्याने ती वाक्ये जुळविली त्यांवरील मूर्तींचे चेहरे ठेचलेले आहेत, याचा उल्लेख करणे त्याला असभ्यपणाचे वाटते. एकाला जखम मिरवावयाची असते, दुसऱ्याला ती झाकावयाची असते. जखम कोठे, केवढी आणि कोणत्या शस्त्राची, हे पाहण्याची इच्छा दोघांपैकी एकालाही नसते.

जो पाहील त्याला तेथे पुष्कळ दिसते. देवळांचे खांब आखूड पडले म्हणून एकावर एक रचून ओवरीची उंची साधलेली आहे. घंटा, साखळ्या, पूर्णकुंभ तसेच राहिले आहेत. ज्या आकृती गिलाव्याखाली झाकल्या होत्या त्या गिलावा गळून पडल्यावर शतकांनंतर पुन्हा उघड्या झाल्या आहेत. ११९९ मध्ये उभारलेल्या भव्य पडभिंतीची कमान ही खरी कमान नव्हेच. एकेक थर पुढे काढीत नेऊन तिला कमानीचा आकार दिलेला आहे, कारण ती बांधणाऱ्या हातांना देवळाची घडण ठाऊक होती, कमानीची नव्हती. अरबी अक्षरांच्या पट्ट्यांमधून वेली धावत गेलेल्या आहेत. त्या कोरणाऱ्याला अक्षरे परकी होती, वेल त्याच्या हातातली होती. पराभव, सक्ती, पोट, कसब आणि कदाचित कामातला आनंदही त्या एका भिंतीत एकत्र आले आहेत. हे सारे एका उसाशात कसे मावावे?

आणि मग मिनाराचे नागरी लेख. फिरोजशहाच्या कारकिर्दीत वीज पडून मिनाराची हानी झाली, तेव्हा १३६९ मध्ये, संवत १४२५ च्या फाल्गुनात, त्याची दुरुस्ती झाली. ज्यांनी ती केली त्या कारागिरांनी वरच्या मजल्यावर नागरी लिपीत ती गोष्ट नोंदवून ठेवली. सुलतानाचे नाव आदराने घेऊन ते विश्वकर्म्याच्या प्रसादाचा उल्लेख करतात. चाहड, नाना साल्हा ही नावे तेथे आहेत. मशिदीच्या मिनारावर, सुलतानाच्या आज्ञेने काम करीत असताना, सूत्रधार विश्वकर्म्याला स्मरतो आणि ते कोरूनही ठेवतो! पहिल्या प्रकारच्या लेखकाला हे लेख नकोत, कारण त्यांत अश्रू नाहीत; दुसऱ्यालाही ते फारसे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांत सलोख्याचे भाषण नाही. ती एका कामगाराची नोंद आहे, आणि मराठी ललित गद्याला कामगाराच्या नोंदीचे काय करावे हे अद्याप समजलेले नाही.

लोहस्तंभाविषयी थोडक्यात सांगता येईल. त्याच्यावरील गुप्तकालीन संस्कृत लेख चंद्र नावाच्या राजाचे यश गातो आणि हा विष्णुध्वज विष्णुपद नावाच्या गिरीवर उभारल्याचे सांगतो. म्हणजे मेहरौलीतला हा सर्वांत प्राचीन ‘स्थानिक’ अवशेष मूळचा मेहरौलीचा नव्हेच. मराठी लेखकाने या स्तंभाविषयी मुख्यत्वे काय लिहिले? त्याला पाठ लावून हात मागे नेऊन मिठी मारता आली की इच्छा पुरी होते, एवढेच. १९९७ मध्ये त्याभोवती कुंपण घातले गेले आणि तेवढीही सामग्री नाहीशी झाली.

आवारापासून जवळच योगमायेचे देऊळ आहे. आजची वास्तू दुसऱ्या अकबराच्या काळातील, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. म्हणून ‘प्राचीन’ शोधणारा तिच्याकडे वळत नाही. परंतु ‘फूलवालों की सैर’ या उत्सवात फुलांचे पंखे बख्तियार काकींच्या दर्ग्यावर आणि याच देवळात वाहण्याची प्रथा आहे. इंग्रज सरकारने १९४२ मध्ये हा उत्सव बंद पाडला व पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९६१-६२ च्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला. ज्या वस्तीत सत्तावीस देवळे पाडल्याची फारसी नोंद आहे, त्याच वस्तीत मोगल बादशहाच्या पदरच्या माणसाने देवीचे देऊळ बांधले. या दोन वाक्यांपैकी एक गाळून दुसरे लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे होय.

याहून गैरसोयीचे लेख लाल किल्ल्यातील पुरातत्त्व संग्रहालयात जाऊन पोहोचले आहेत. पालमच्या बारवेचा संस्कृत शिलालेख संवत १३३३ चा, म्हणजे इ. स. १२७६ चा आहे. उद्धर नावाच्या ठक्कुराने वाटसरूंसाठी ही बारव बांधविली. लेखाचा कर्ता पंडित योगीश्वर. हरियानक भूमीचे राज्य प्रथम तोमरांनी, मग चौहानांनी भोगले व आता ते शक भोगीत आहेत, असे सांगून तो शिहाबुद्दीनपासून बलबनापर्यंतच्या सुलतानांची नावे राजवंशाच्या रीतीने देतो. बलबनाने पृथ्वीचा भार घेतल्यामुळे विष्णू आता चिंता सोडून क्षीरसागरात निजला आहे, अशी त्याची कल्पना आहे. पूर्वद्वारावरील लेखानंतर शतकही पुरे झालेले नाही, आणि एक संस्कृत कवी त्या द्वाराच्या धन्याच्या वारसाला विष्णूच्या जागी बसवितो! ही लाचारी आहे, चातुर्य आहे, की दरबारी प्रशस्तीची केवळ सवय? साहित्याच्या अभ्यासकापुढे यापेक्षा अधिक रसपूर्ण प्रश्न कोणता असू शकेल? शिवाय याच लेखाच्या अखेरीस स्थानिक बोलीतला मजकूर येतो. देशी भाषांच्या उदयाविषयी प्रबंध लिहिणाऱ्यांनी तरी तेथे थांबावयास हवे होते.

सरबनचा लेख १३२८ चा. खेतल व पैतल या दोन व्यापाऱ्यांनी खोदलेल्या विहिरीचा. हे सरबन गाव रायसीनेच्या परिसरातले, म्हणजे आजच्या राजधानीच्या ऐन काळजातले. महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत कोरलेला हा लेख तोमरांनी वसविलेल्या ढिल्लिका नगरीचे गुणगान करतो. या विहिरीही गेल्या, आणि त्या पुसून जाण्याबद्दल कोणी उसासा टाकल्याचे मराठीत आढळत नाही. विहीर हा भग्नावशेष म्हणून पुरेसा भव्य नसतो.

पुराना किल्ल्याच्या बाबतीत मराठी लेखकाचा अपराध अधिक मोठा आहे, कारण तेथे त्याला मदत करणारा ग्रंथ खुद्द मराठीत आहे. बी. बी. लाल यांनी १९५४-५५ मध्ये आणि पुन्हा १९६९ ते १९७३ या काळात येथे उत्खनन केले. मौर्यकाळापासून मोगलकाळापर्यंत वस्तीचे सलग थर मिळाले. चित्रित धूसर मृद्भांडांची खापरे मिळाली. पांडवांचा राजवाडा मिळाला नाही. तथापि इंद्रप्रस्थ हे नाव कोणी अलीकडे चिकटविलेले नव्हे. नारायणा येथील १३२७ च्या शिलालेखात ते आहे, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत किल्ल्याच्या आत इंद्रपत नावाचे गाव नांदत होते. नव्या दिल्लीच्या उभारणीत ते हलविले गेले. १९४७ मध्ये याच तटांच्या आत आधी पाकिस्तानला निघालेले मुसलमान आणि पाठोपाठ पंजाबातून आलेले हिंदू-शीख निर्वासित राहिले. आजही तटाच्या पाठीशी भैरवाच्या देवळात मद्याचा नैवेद्य चालतो. इतके सारे समोर असताना मराठी प्रवासी शेरशहाच्या मशिदीवरून नजर वळवून मयसभा शोधीत फिरतो.

वस्तुतः मयसभेविषयी जे विचारावयाचे ते इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील त्याच नावाच्या लेखात विचारून ठेवले आहे. इंद्रप्रस्थाच्या वैभवाआधी खांडववनाचा दाह आहे. त्यात पशुपक्षी, नाग, माणसे निःशेष केली गेली. वाचलेल्या मोजक्यांत मय होता, आणि प्राणदानाची फेड म्हणून त्याने सभा उभारली. हे वन इतक्या निर्दयपणे का जाळले, हा बाईंचा प्रश्न अद्याप उत्तराची वाट पाहतो आहे. पुराना किल्ल्याच्या हिरवळीवर उभे राहून मराठी माणसाला आठवावयाचे असेल तर हे आठवावे. परंतु पांडवांसाठी उसासा टाकावयाचा तर त्यांनी जाळलेल्यांना विसरणे भाग असते, आणि म्हणून सर्व मराठी घरांत असलेले पुस्तक तेवढे प्रवासाला घरीच राहते.

आता कालकाजी. या टेकाडांच्या परिसरात १९६६ मध्ये बहापूरजवळ एका खडकावर अशोकाचा लघुशिलालेख सापडला. थोराप्रमाणेच लहानालाही प्रयत्नाने स्वर्ग गाठता येतो, असा त्याचा आशय. वरून छत घातलेला तो खडक पाहावयास फारसे कोणी जात नाही. कालिकेच्या देवळात नवरात्रात मुंगीला वाट मिळत नाही. या कालिकेचा मराठीतील एक जुना उल्लेख मात्र भाविकाचा नव्हे. १७३७ च्या वसंतात दिल्लीवर चालून गेलेल्या बाजीराव पेशव्याने चिमाजी अप्पास जे पत्र लिहिले, त्यात बारापुला आणि कालिकेचे देऊळ या मुक्कामाच्या खुणा आहेत. देवीच्या यात्रेसाठी बाहेर पडलेल्या दिल्लीकरांना मराठी स्वारांनी छळले, हत्ती-उंट हाती लागले; शहर जाळावे असे आधी मनात होते, पण तसे करण्यात लाभ नाही व राजकारणाचा धागा तुटेल, म्हणून तो बेत सोडला, असे पेशवा स्वच्छ लिहितो. हे गद्य पाहावे. त्यात उसासा नाही, फुशारकीही बेताची आहे. नगर कोठे, देऊळ कोठे, फौज कोठे आणि जाळपोळीचा हिशेब काय, एवढेच आहे. दिल्लीविषयी मराठीत लिहिले गेलेले इतके प्रामाणिक गद्य विरळा. ज्या टेकडीवर अशोकाने उद्योगाचा उपदेश कोरला तेथेच मराठ्यांनी देवीच्या यात्रेकरूंना लुटले, ही गोष्ट एकाही सहलीच्या लेखात येत नाही. ती येणे स्वाभिमानाला बाधक असते, अशी समजूत दिसते.

हीच समजूत लाल किल्ल्यात लेखकाच्या सोबत जाते. दिवाण-ई-खासचे चांदीचे छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊने उतरविले व वितळवून नाणी पाडली, कारण फौज उपाशी होती. पानिपताच्या शोकात हा तपशील एखाद्या अर्ध्या वाक्यात, तोही संकोचाने, उरकला जातो. छत उतरविणारे हात ‘आपले’ असले की ते दारिद्र्य ठरते, परके असले की विध्वंस. दोन्ही शब्द खरे असू शकतात, आणि दोन्ही ठिकाणी खरे असू शकतात. पण त्यासाठी दोन्ही ठिकाणी वाचण्याची तयारी हवी. पानिपतला नेमाने जाणारा मराठी प्रवासी यमुना ओलांडून नोएडास जात नाही. तेथे गोल्फच्या मैदानात इंग्रजांनी उभारलेला स्मारकस्तंभ आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या परिसरातील लढाईत शिंद्यांची कवायती फौज जनरल लेककडून हरली आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून गेली, ती कायमची. परिणामांच्या दृष्टीने हा दिवस पानिपताहून उणा नाही. परंतु त्याच्यावर कादंबरी गाजलेली नसल्यामुळे त्याच्यासाठी उसासाही तयार नाही.

यावर ठराविक आक्षेप येतो. प्रवासवर्णन म्हणजे शिलालेखांचा कोश नव्हे. लेखकाचे व्यक्तिमत्त्व हेच त्याचे मर्म. माहितीच हवी असेल तर खात्याची पुस्तिका आहे, इत्यादी. हा आक्षेप ऐकावयास भारदस्त वाटतो, पण मराठीतील सर्वोत्तम उदाहरणच त्याच्या विरुद्ध उभे आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचा विध्वंस ज्या सामर्थ्याने येतो, ते सामर्थ्य गोडसे भटजींच्या उसाशांतून आलेले नाही. कोणत्या दिवशी काय लुटले गेले, कोण कोठे लपले, पाणी कोठून मिळाले, हे ते सांगत जातात, आणि वाचकाचा जीव आपोआप कासावीस होतो. त्यांचे व्यक्तिमत्त्व त्या तपशिलांतच आहे. ज्याला तपशील नको, त्याच्यापाशी व्यक्तिमत्त्व या नावाखाली बहुधा एक मनःस्थिती असते, आणि ती तर दिल्लीला न जाताही मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुने लेख उकरल्याने जुनी वैरे उकरली जातात, असे काही सज्जन म्हणतात. परंतु वैराला वाचनाची गरज कधीच लागलेली नाही. कुतुबच्या आवारात देवतांची पुनःस्थापना व पूजा व्हावी म्हणून साकेतच्या न्यायालयात दावा झाला व २०२१ मध्ये तो फेटाळला गेला. पुढे अपिले झाली. ३० जानेवारी २०२४ रोजी मेहरौलीच्या संजय वनातील अखोंदजी मशीद अतिक्रमण म्हणून दिल्ली विकास प्राधिकरणाने पाडली. पुरातत्त्व खात्याच्या १९२२ च्या यादीत तिची १८५३-५४ मधील दुरुस्तीसह नोंद होती. सांस्कृतिक मंत्रालयाने २०२२ मध्ये संसदेसमोर सांगितल्याप्रमाणे देशातील ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० चा ठावठिकाणाच लागत नाही. त्यांत दिल्लीची दोन आहेत. न्यायालय, नांगर आणि विस्मरण, या तिघांपैकी कोणीही शिलालेख वाचून आलेले नव्हते. जे वाचू शकले असते आणि वाचून चारचौघांच्या भाषेत सांगू शकले असते, ते लेखक पोपटांचे थवे मोजीत होते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते तालकटोऱ्यात भरले. जागेची निवड बाजीरावाच्या त्या स्वारीची आठवण देणारी. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक आले आणि संमेलनाच्या फावल्या वेळात दिल्ली पाहून गेले. सरबनची विहीर ज्या परिसरात खोदली गेली तो रायसीना तालकटोऱ्याला लागूनच आहे, आणि तिचा लेख लाल किल्ल्यात आहे. त्या सहलींची वर्णने आता पुस्तकरूपाने येऊ लागतील, आणि विद्यार्थ्यांना ती नमुना म्हणून वाचावयास दिली जातील.

मिनाराचा जिना ४ डिसेंबर १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर, ज्यात बहुतांशी शाळकरी मुले मरण पावली, लोकांसाठी बंद आहे. त्यामुळे चाहड आणि नाना साल्हा यांची अक्षरे वर चढून पाहता येत नाहीत. जे. ए. पेज यांनी कुतुबवरील आपल्या १९२६ च्या ग्रंथात येथील लेख एकत्र दिले आहेत. तो पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेतील बाविसावा ग्रंथ असून जुन्या ग्रंथालयांतून मिळतो.